शनिवारपर्यंत पैसे जमा करा: शाळेच्या सहलीचा खर्च आणि घाई कशी निभवायची

गुरुवारची रात्र, साडेआठ. भांडी ओट्यावर तशीच पडलेली, आणि लेक दप्तराच्या तळातून चुरगळलेला कागद घेऊन येते. "आई, सही पाहिजे. उद्याच." कागदावर लिहिलेलं असतं: इयत्ता पाचवीची शैक्षणिक सहल, पुढच्या शुक्रवारी, शुल्क रु. १४५०, शनिवारपर्यंत वर्गशिक्षिकांकडे जमा करावे. खाली तुटक रेघ, रेघेखाली संमतीपत्र. पगार सात तारखेला. आज सत्तावीस.

आमच्याकडे असा कागद पहिल्यांदा आला तेव्हा मी डाळीच्या डब्यामागचे पैसे मोजले, ते कमी पडले, आणि नणंदेकडून उसने घेतले. आता दोन मुलांच्या मिळून दहाएक सहली झाल्यात. मधे दोन वर्षं पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत चिठ्ठीतून माझं नाव निघालं होतं, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजूही थोडी पाहिली. ज्यांचं पहिलंच मूल नुकतंच शाळेत गेलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मुरलेल्या पालकांनी थेट हिशेबाच्या भागावर जावं.

पहिली पायरी: जूनमध्येच विचारा

तारीख आपल्याला ऐनवेळी कळते हे खरं, पण सहल दरवर्षी ठरल्या वेळीच येते. आपल्याकडच्या बहुतेक शाळांच्या सहली दिवाळीची सुट्टी संपली की सुरू होतात आणि फेब्रुवारीपर्यंत आटोपतात. पाऊस संपलेला असतो, ऊन अजून सोसवतं, आणि त्यानंतर परीक्षा डोक्यावर बसतात. नेमकं याच दिवसांत स्नेहसंमेलनही असतं, म्हणजे नाचाचा पोशाख भाड्यानं आणा, वर फोटोचे पैसे वेगळे. आणि दिवाळीनं खिसा आधीच हलका केलेला. डिसेंबर महाग जातो तो असा.

जूनमधल्या पहिल्या पालकसभेत "यंदा सहल कुठे?" असं विचारलंत तर "अजून ठरलेलं नाही" हेच उत्तर मिळेल, आणि ते खरंही असतं. म्हणून प्रश्न बदला. "मागच्या वर्षी या इयत्तेची सहल कुठे गेली होती, कोणत्या महिन्यात, आणि किती पैसे घेतले होते?" याचं उत्तर बाईंना तोंडपाठ असतं. सभेत विचारायचा संकोच वाटत असेल तर एक इयत्ता पुढे असलेल्या मुलांच्या आयांना विचारा. आमच्या व्हॅनवाल्या काकांना तर ऑफिसच्या आधी कळतं, कारण त्या पहाटे त्यांना वेगळी फेरी मारावी लागते.

शाळेशाळेत फरक असतो, पण चढ साधारण सारखा. पहिली-दुसरीला जवळची बाग किंवा एखादं शेत, अर्ध्या दिवसात परत. चौथीला इतिहासात शिवाजी महाराज, म्हणून किल्ला. पाचवीनंतर अंतर वाढतं. पुढे मुक्कामाची सहल येते. आणि दहावीला सहल नसते म्हणून बऱ्याच शाळांत नववीची सगळ्यात मोठी. दोन मुलं असतील तर एकाची नववी आणि दुसऱ्याची पाचवी एकाच वर्षी येतेय का, हे आजच बोटांवर मोजून पाहा. मी मोजलं नव्हतं.

दुसरी पायरी: दर महिन्याचे थोडे

मागच्या वर्षीचा आकडा कळला की त्यात पंधरा-वीस टक्के वाढ धरा. समजा १५०० आले. जून ते नोव्हेंबर सहा महिने, महिन्याला २५० रुपये. ऐकायला अगदी साधं, पण घरखर्चातले २५० रुपये वेगळे काढून न मोडता ठेवणं काय असतं ते घर चालवणाऱ्यालाच ठाऊक. डब्यात ठेवलेले गणपतीत मोडतात, हा माझा अनुभव. त्यापेक्षा भिशी बरी. आमच्या बिल्डिंगमधल्या बारा जणींच्या भिशीत मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवते, की मला नोव्हेंबरचा नंबर द्या. ज्यांना मे महिन्यात लग्नाला पैसे लागतात त्या तो नंबर सोडतात. बचत गटात असाल तर तिथेही आधी सांगून ठेवता येतं. गावाकडे कापसाची किंवा सोयाबीनची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, साधारण याच सुमारास हातात येते, पण तिला आधीच दहा वाटा फुटलेल्या असतात. सहलीची वाट त्यात सुरुवातीलाच धरायची.

एक गोष्ट पहिल्या वर्षी कोणीच सांगत नाही. चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. त्या १४५० रुपयांच्या सहलीचं माझं वहीतलं टिपण असं आहे: शुल्क १४५०, खाऊ २२०, पांढरी टोपी (सगळ्यांनी पांढरीच आणायची होती) १२०, पहाटे जाताना आणि रात्री आणताना रिक्षा १४०, मुलीच्या हातात दिलेले २००. एकूण २१३०. म्हणजे जवळजवळ निम्म्यानं जास्त. त्यातली टोपी निळी असती तरी चाललं असतं हे बाईंनी सहलीनंतर सांगितलं.

तिसरी पायरी: चिठ्ठी हातात आली की

सही करण्याआधी पाच मिनिटं कागद वाचा. किती वाजता, कुठून निघणार आणि कुठे सोडणार. गाडी कोणाची: एसटी, शाळेची, की खासगी. शुल्कात नाश्ता, जेवण, प्रवेश यांतलं काय काय आलं. सोबत किती शिक्षक. मूल आयत्या वेळी आजारी पडलं तर पैसे परत मिळणार का. आमच्या चिठ्ठ्यांत यातलं अर्धंच असतं. जे नसेल ते सगळं एकाच निरोपात, वर्गशिक्षिकांना थेट विचारा. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. तिथे प्रश्न पडला की वीस मिनिटांत त्याचं भांडण होतं, दोघं ग्रुप सोडतात, आणि उत्तर कोणालाच मिळत नाही.

सुरक्षेचं विचारताना भीड बाळगू नका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी समुद्रात बुडाले, चौदा जणांचा जीव गेला. त्यानंतर सहलींबाबतच्या सूचना कडक झाल्या. समुद्रकिनारा, खोल पाणी, साहसी खेळ अशा जागा टाळायच्या. शिक्षण विभागाची परवानगी घ्यायची, पालकांचं लेखी संमतीपत्र घ्यायचं, दहा मुलांमागे एक शिक्षक, मुली असतील तर सोबत शिक्षिका. म्हणून चिठ्ठीत 'वॉटर पार्क' दिसलं तर "शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी मिळाली आहे का?" एवढं विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आवाज न चढवता विचारा. परवानगी असेल तर मुख्याध्यापक कागद दाखवतात.

आणि सहल सक्तीची नसते. जायचं नसेल तर जायचं नाही. गुण कापू, शेऱ्यात लिहू असं कोणी मुलांना सांगितलं असेल (सांगतात, बहुतेक वेळा गमतीत) तर ते मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. आपली सही असलेलं संमतीपत्र मागतात, त्यातच नकाराची मुभा आली.

चौथी पायरी: हिशेब समजून घ्या

समितीत गेले तेव्हा मला वाटायचं की शाळा सहलीत पैसे कमावते. काही ठिकाणी तसं होतही असेल, पण आकडा कसा फुगतो ते एकदा कागदावर मांडून पाहिलं की बोलणं सोपं जातं.

समजा ४५ आसनांची बस आहे आणि तिचं दिवसाचं भाडं २४,००० रुपये. चार शिक्षक आणि एक सेविका, उरली ४० मुलं. मोठ्यांचं भाडं मुलांच्या अंगावरच पडतं, म्हणून माणशी ६०० रुपये. आता आठ पालकांनी आयत्या वेळी 'नाही' म्हटलं. बस तीच, भाडं तेच, मुलं ३२. माणशी ७५०. हे दीडशे रुपये मागायला शाळा परत येऊ शकत नाही, म्हणून ती आधीच चढा आकडा धरते, किंवा "दोन दिवसांत पैसे आणा, परत मिळणार नाहीत" असं लिहिते. घाईचं एक मोठं कारण हे. दुसरं कारण परवानगी. ती हातात आल्याशिवाय मुख्याध्यापक तारीख जाहीर करायला धजावत नाहीत, आणि ती आली की आठवडाभरात निघायचं असतं. यात बाईंचा दोष बहुधा काहीच नसतो. त्यांनाही आपल्याइतकंच ऐनवेळी कळतं, वर सत्तर सह्या गोळा करायच्या असतात.

पैसे कुठे वाचू शकतात? पहिली जागा एसटी. शाळेच्या सहलीला एसटी महामंडळ प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी गाडी ठरवून घेतली तर, भाड्यात ५० टक्के सवलत देतं. शाळेनं आपल्या पत्रावर जवळच्या आगारात अर्ज करायचा, आगाऊ रक्कम भरायची. अडचण एवढीच, की डिसेंबर-जानेवारीतल्या शुक्रवार-शनिवारी सगळ्याच शाळा आगारात रांग लावतात. लवकर अर्ज केला आणि मंगळवार-बुधवार चालवून घेतला तर गाडी मिळण्याची शक्यता वाढते. खासगी बसची पुशबॅक सीट आणि पडदे मुलांना आवडतात हे मान्य. पण पहाटे सहाला गाणी म्हणत निघालेल्या मुलांना सीट मागे झुकते का, याच्याशी काही देणंघेणं नसतं.

दुसरी जागा प्रवेश शुल्क. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. अजिंठा, वेरूळ, रायगड, शनिवारवाडा, आगाखान पॅलेस ही सगळी त्यांच्याचकडे. मग पाचवीच्या मुलांच्या अंदाजपत्रकात 'वेरूळ प्रवेश शुल्क' म्हणून मुलांच्या नावावर रक्कम दिसली तर ती कशाची हे विचारायला हरकत नाही. रायगडच्या रोपवेचे पैसे मात्र वेगळे लागतात, तो भुर्दंड मुद्दाम टाकलेला नाही.

तिसरी जागा सहल कंपनी. सगळं तयार पॅकेज, आयोजकाचा नफा, वर ५ टक्के जीएसटी. शाळेच्या दृष्टीनं सोय मोठी, कारण कटकट कोणीतरी दुसरा घेतो. पण तो सोयीचा दर आपण मोजतो हे लक्षात असू द्या.

जाता जाता सुट्टीचा वार पाहून घ्या. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. कात्रजचं प्राणिसंग्रहालय आणि भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद. हसू नका. आमच्या इथल्या एका शाळेची तिसरी बुधवारी कात्रजच्या दारातून परत आली आहे. त्या दिवशी मुलांनी डबे खाल्ले ते बसमध्ये बसून.

विज्ञानाची आवड असलेल्या शिक्षकांना एक सुचवून बघा. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीचं केंद्र आहे, जीएमआरटी. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ते लोकांसाठी खुलं करतात आणि विज्ञान प्रदर्शन भरतं. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या शाळांना यापेक्षा स्वस्त आणि चांगली सहल मिळणं अवघड.

पाचवी पायरी: पैसे नसतील तर बोला, आणि लवकर बोला

हे सगळ्यात जड जातं. आपण गप्प बसतो, मूल शाळेत "विसरलो" म्हणून सांगत राहतं, आणि शनिवारी यादीत नाव लागत नाही. बाईंना वाटतं, यांना पाठवायचं नसेल.

निरोपात रक्कम आणि तारीख दोन्ही लिहा. "जरा अडचण आहे, बघा काही जमतंय का" एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही. मी पाठवला होता तो निरोप जवळपास असा:

"बाई, नमस्कार. मी पाचवी 'ब'मधल्या अमुकची आई. सहलीचं पत्र मिळालं, तिला नक्की पाठवायचं आहे. आमच्याकडे पगार सात तारखेला होतो. उद्या ५०० रुपये आणि सही केलेलं संमतीपत्र पाठवते, उरलेले ९५० आठ तारखेला देईन. चालेल का, कृपया कळवा."

उत्तर दहा मिनिटांत आलं: "चालेल. कोणाला सांगू नका." शेवटचं वाक्य वाचून मला हसू आलं, आणि कळलं की असं विचारणारी मी एकटी नव्हते. खासगी बसवाल्याला शाळा बहुधा आधी थोडे आणि नंतर उरलेले असेच पैसे देते, म्हणून दोन हप्ते जमू शकतात. ८ तारखेला मात्र पैसे नेऊन दिलेच पाहिजेत. एकदा शब्द गेला की पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाचं तरी काम अडतं.

हप्त्यानंही जमणार नसेल तर मुख्याध्यापकांना भेटा. सकाळची प्रार्थना आटोपल्यावरची वेळ बरी. अनेक शाळांत अशा मुलांसाठी काहीतरी सोय असते: माजी विद्यार्थ्यांनी ठेवलेली रक्कम, पालक संघाची शिल्लक, नाहीतर एखादे सर गुपचूप भरतात. दोन भावंडं एकाच शाळेत असतील तर सवलत विचारा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालेल्या मुलांच्या पालकांनी तर बिनदिक्कत विचारावं. त्यांची फी शासन शाळेला देतं हे शाळेला माहीत आहे, म्हणजे घरची परिस्थितीही माहीत आहे.

एक करू नका. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपवरून सहलीचे पैसे उचलू नका. दीड हजाराचं कर्ज फेडताना होणारी दमछाक आमच्या शेजारी पाहिली आहे. त्यापेक्षा नणंद परवडली.

पैसे रोख दिलेत तर पावती घ्या. पावतीपुस्तक नसेल तर वहीत "सहलीचे ५०० मिळाले" आणि सही, एवढंही पुरतं.

सहावी पायरी: नाहीच पाठवायचं ठरलं तर

मुलगा तिसरीत असताना आम्ही पाठवलं नाही. त्याच्या आजोबांचं ऑपरेशन झालं होतं, महिन्याचं गणित कोलमडलेलं. खरं सांगायचं सोडून मी म्हणाले, "तिथे काही बघण्यासारखं नाहीये, उन्हात नुसतं चालवतात." सोमवारी तो शाळेतून आला, दप्तर न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तिथे वाघ होता. सगळ्यांनी पाहिला. तू खोटं बोललीस." पोळी तव्यावर जळली ती तशीच राहिली.

तेव्हापासून आम्ही खरं सांगतो. "या महिन्यात आजोबांच्या औषधांना पैसे लागले, म्हणून यंदा जमणार नाही." आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे कळतं. रडतं, पण कळतं. दोस्तांच्या तोंडून यादी कळण्याआधी आपण सांगायचं. "पुढच्या वर्षी याहून मोठ्या सहलीला पाठवू" असलं वचन द्यायचं नाही, ते मुलं विसरत नाहीत. सहलीच्या दिवशी शाळा भरणार आहे का हेही विचारून ठेवा. भरणार असेल तर न गेलेली पाच-सहा मुलं दिवसभर काय करतात ते पाहा. नुसतीच बाकावर बसवून ठेवत असतील तर त्या दिवशी घरी ठेवलेलं बरं.

आणि तीच जागा आपण आपल्या वेळेनं दाखवू शकतो. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वयाच्या मुलांना अर्धं, पाचच्या आतल्यांना तिकीटच नाही. पंचाहत्तरी ओलांडलेली आजी फुकट. म्हणजे आई, लेक आणि आजी अशा तिघी निघाल्या तर तिघींचं मिळून एकच पूर्ण तिकीट होतं. आम्ही कात्रजला पुढच्या महिन्यात एका रविवारी पीएमपीच्या बसनं गेलो, घरून पोळीचा लाडू नेला. वाघ झोपलेला होता. मुलगा कुंपणाशी अर्धा तास उभा राहिला, वाघ काही उठला नाही. तरी पाहिला.

सातवी पायरी: पुढच्या वर्षासाठी शाळेत बसून बोला

एकट्या आईनं तक्रार केली की ती 'भांडकुदळ पालक' होते. म्हणून समितीतून बोलायचं. महाराष्ट्रात शुल्क विनियमनाचा २०११ चा कायदा आहे. त्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या काढून होते. शाळा सुरू झाली की पहिल्या महिन्यातच ते उरकतं, म्हणून जूनमध्ये फलकाकडे लक्ष ठेवा आणि नाव द्या. जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.

आम्ही तीन गोष्टी मागितल्या. एक, जूनमध्येच प्रत्येक इयत्तेच्या सहलीचा महिना आणि अंदाजे रक्कम कळवावी, ठिकाण मागाहून ठरलं तरी चालेल. दोन, रक्कम दोन हप्त्यांत घ्यावी, सप्टेंबर आणि नोव्हेंबर. तीन, आधी एसटीची चौकशी करावी. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीसाठी शाळेचे लिपिक आगारात जाऊन आले. शनिवारला गाडी नव्हती, आणि मंगळवार शाळेला नको होता. दुसऱ्या वर्षी नवीन मुख्याध्यापक आले, त्यांनी मंगळवार चालवून घेतला.

मागणी मांडताना 'लुटता' हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. आमच्या एका सदस्यानं तो वापरला आणि पाऊण तासाची सभा त्या एका शब्दावर गेली.

आठवी पायरी: आदली रात्र

गाडी लागणारं मूल असेल तर बाईंना आधी सांगा, पुढच्या बाकावर बसवतील. पहाटे रिकाम्या पोटी पाठवू नका आणि पुरी-भाजी खाऊ घालूनही पाठवू नका. दूध टाळा, कोरडी पोळी-गूळ बरा. दप्तरात दोन जाड पिशव्या, ओला रुमाल, लवंग किंवा आवळा सुपारी. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि आधी एकदा घरी देऊन पाहिलेली.

डबा म्हणजे संध्याकाळपर्यंत टिकणारं. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू. उकडलेल्या बटाट्याची भाजी दुपारपर्यंत आंबते. विकतच्या पाकिटांत २२० रुपये गेले ते याच जागी, नंतरच्या वर्षी मी चिवडा घरी केला आणि तोच खर्च नव्वदवर आला.

हातात दिलेले पैसे दहा-वीसच्या नोटांत द्या. शंभरची एक घडी वेगळी, दप्तराच्या आतल्या कप्प्यात. सोन्याचे कानातले काढून ठेवा. घरचे दोन मोबाइल नंबर कागदावर लिहून शर्टाच्या खिशात. मुलगी पाचवी-सहावीच्या पुढे असेल तर दप्तरात एक पॅड ठेवा, पाळी अजून सुरू झाली नसली तरी, आणि ते तिथे आहे हे तिला सांगा.

पहाटे सोडायला जाल तेव्हा बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढा. बाकी हात हलवून झालं की निघा. खिडकीशी उभं राहून सूचना देणाऱ्या आया मुलांना नको असतात.

परत आल्यावर

आठवडाभरानं हिशेब विचारा. आमच्या शाळेत तो आता फलकावर लावतात: जमा किती, बस किती, जेवण किती, शिल्लक किती. मागच्या डिसेंबरात शिल्लक राहिली आणि प्रत्येक मुलाला ३५ रुपये परत आले, पाकिटात, वर मुलीचं नाव लिहिलेलं. ते तिनं तिथल्या तिथे पेरूला घालवले.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पूर्ण खर्चाचा आकडा लिहून ठेवा, रिक्षा आणि टोपीसकट. नवीन वर्षी कॅलेंडर बदलताना ते पान फाडून वहीत घाला. धाकट्याची पाचवी आली की लागेल.